टेड कूझरचं ‘विंटर मॉर्निंग वॉक्स’: वेटिंग रूममध्ये वाचलेलं पुस्तक

आईचं रेडिएशन चालू होतं तेव्हा रोज नंबर लागेपर्यंत बसून राहायला लागायचं, जाड पुस्तक हातात घ्यायचं डोकंच नसायचं, तेव्हा हे पर्समध्ये असायचं. शंभर कविता, पोस्टकार्डावर मावतील एवढ्याशा, आणि खरंच पोस्टकार्डावरच गेलेल्या.

कूझर अमेरिकेतल्या नेब्रास्काचा. ३५ वर्षं इन्शुरन्समध्ये नोकरी केली आणि पहाटे उठून ऑफिसच्या आधी कविता लिहिल्या. १९९८ मध्ये कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि त्या उन्हाळ्यात लिहिणं-वाचणं जवळजवळ सुटलंच. डॉक्टरांनी वर्षभर ऊन टाळायला सांगितलेलं म्हणून उजाडायच्या आत दोन मैल चालून यायचा. नोव्हेंबरात एक दिवस चालून आल्यावर सहज एक कविता लिहून बघितली, मग रोजच लिहायला लागला आणि कार्डावर चिकटवून मित्राला, म्हणजे लेखक जिम हॅरिसनला, पाठवायला लागला.

प्रत्येक कवितेवर तारीख आणि त्या दिवसाची हवा. मला वाटलेलं ‘हिंमत ठेवा’ टाइप काहीतरी असेल, तसलं अजिबात नाही, आजार फार थोडा येतो, बाकी थंडी, रस्ता, झाडं, पक्षी. नुसतं नीट बघणं. ज्याला कालपर्यंत पुस्तक उघडवत नव्हतं तो आज एवढं बारकाईनं बघतोय हेच मला फार मोठं वाटलं. मी आईला घरी येताना रिक्षात एकेक कविता मराठीत सांगायचे, तर आठवड्याभरात तीच विचारायला लागली, “आज त्यांच्याकडे हवा कशी आहे गं?”

भाषा एकदम साधी, डिक्शनरी फारशी लागत नाही. पुढे हा माणूस नेब्रास्का युनिव्हर्सिटीत कविता शिकवायचा, २००४ मध्ये अमेरिकेचा पोएट लॉरिएट, म्हणजे राष्ट्रकवी, झाला, २००५ मध्ये त्याच्या एका वेगळ्या संग्रहाला पुलित्झर हे मोठं साहित्य-पारितोषिक मिळालं, पण मला जवळचं हेच.

एक मात्र सांगते, सलग वाचू नका. उपमा खूप आहेत, वीसेक कविता एका दमात वाचल्या तर सगळं एकसारखं वाटायला लागतं. दिवसाला एक, फार तर दोन. आणि कोणी आजारी असेल त्याला द्यायचं तर आधी स्वतः वाचा, मग त्याच्याजवळ बसून वाचून दाखवा, रेडिएशनच्या दिवसांत आईला स्वतःला ओळी नीट दिसायच्या नाहीत पण ऐकायला तिला कधीच कंटाळा आला नाही.