जांभळ्या फरसबीचं बियाणं: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

जांभळी फरसबी शिजवली की हिरवी होते, म्हणून बियाण्याचे पैसे परत मागितले होते. काल विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘भाजी जास्त शिजवल्यामुळे रंग गेला आहे, पैसे परत मिळणार नाहीत.’ तेवढ्यासाठी हे लिहायला बसले. भाजी जास्त शिजली नव्हती. शेंगा उकळत्या पाण्यात जेमतेम दोन मिनिटं होत्या आणि तेवढ्यात जांभळ्याच्या हिरव्यागार झाल्या.

भातकापणी होऊन वायंगणाची, म्हणजे रब्बीची, कामं निघाली तेव्हा, नोव्हेंबरात, गोव्यात डिचोलीतल्या आमच्या परसात तीन वाफे केले. एकात ही जांभळी, दुसऱ्यात त्याच विक्रेत्याची पिवळी, तिसऱ्यात अर्का कोमल हे हिरवं झुडपी वाण. कुंपणावर नेहमीची वाली, म्हणजे लांब शेंगांची चवळी. जांभळीचं पाकीट १८० रुपयांना आणि आत १५ बिया. एक बी १२ रुपयांना पडली, हे मी अजून विसरलेले नाही. सासूबाईंना मधुमेह आहे, ताटात भाजी जास्त हवी, आणि पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना’ असं ठळक छापलेलं, म्हणून घेतलं.

खजिना आहे, ते खोटं नाही. जांभळा रंग अँथोसायनिनचा, म्हणजे आपल्या कोकमात असतो त्याच कुळातला. पण तो सालीतल्या पेशींत असतो आणि पाण्यात सहज उतरतो. शेंग उष्णतेने मऊ झाली की पेशी फुटतात, रंग पाण्यात जातो, काही उष्णतेने मोडतो, आणि खाली आधीपासून असलेलं हरितद्रव्य तेवढं दिसतं. शेंगा उकळलेलं पाणी मी वाटीत काढलं. काळपट हिरवं होतं. त्यात लिंबू पिळलं तर गुलाबी झालं. ज्यासाठी १२ रुपयांची एकेक बी घेतली ते मी मोरीत ओतत होते! पाकिटावर एक ओळ छापायला काय हरकत होती, की पाणी टाकू नका?

मग कच्च्याच खाव्यात का? नाही, हे मुद्दाम सांगते. कच्च्या फरसबीत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, जास्त खाल्ल्यास पोट बिघडतं. ते नीट शिजवल्यावरच जातं. तेव्हा रंगासाठी कोशिंबिरीत कच्च्या शेंगा घालू नका, लहान मुलांना तर मुळीच देऊ नका.

फेब्रुवारीपर्यंत माझं मत पक्कं वाईट होतं. ते दोन गोष्टींनी थोडं बदललं. एक, तोडणी. हिरव्या पानांत हिरव्या शेंगा लपतात, चार दिवसांनी सापडतात तेव्हा त्यांना दोर आलेले असतात. जांभळ्या लांबूनच दिसतात. अर्का कोमलच्या कितीतरी शेंगा माझ्याकडून जून झाल्या, जांभळीची एकही नाही. दोन, रंग बदलणं हीच खूण धरली. जांभळ्याची हिरवी झाली की आच मंद करून झाकण ठेवायचं. वाफेतच शिजते, पण करकरीत राहते. सासूबाई आता घड्याळ न बघता तशीच करतात. उकडून पाणी फेकणं बंद केलं. खोबरेल तेलाची फोडणी, दोन चमचे पाण्याचा हबका, वर ओलं खोबरं. खतखत्यात (आमच्याकडच्या रसाच्या मिश्र भाजीत) घातली तर सगळा रस पोटातच जातो, मात्र रस थोडा करडा दिसतो.

पिवळीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दिसायला सुंदर, चवीला सौम्य. पण पिवळी म्हणजे हरितद्रव्य नसलेली, आणि त्यासोबतची कॅरोटिनॉइड्सही (ज्यांतून शरीराला अ जीवनसत्त्व मिळतं ती रंगद्रव्यं) कमी. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या फरसबीत ३१ कॅलरी, १.८ ग्रॅम प्रथिनं, २.७ ग्रॅम तंतू, सुमारे १२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे. पिवळीचे आकडे जवळपास तेच, फक्त अ जीवनसत्त्व हिरवीच्या सहाव्या हिश्श्याइतकं. जास्त पैसे देऊन कमी घेण्यात मला अर्थ दिसला नाही.

आणि त्याच तक्त्यात कुंपणावरची वाली पाहिली तेव्हा मी थक्क झाले. प्रथिनं २.८ ग्रॅम, क जीवनसत्त्व सुमारे १९ मिलिग्रॅम, आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) ६२ मायक्रोग्रॅम, म्हणजे हिरव्या फरसबीतल्या फोलेटच्या जवळपास दुप्पट. ही फरसबीची जात नव्हे, चवळीची, त्यामुळे आपल्या उकाड्याला सरावलेली. मार्चमध्ये ऊन तापलं आणि तिन्ही वाफ्यांतल्या फरसबीची फुलं शेंग न धरताच गळाली. वाली एप्रिलमध्येही हातभर लोंबत होती. मावा आला, तो पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढला, एवढाच त्रास.

घरात कुणी रक्त पातळ करण्याची वॉरफेरिनची गोळी घेत असेल तर एक लक्षात ठेवा. या शेंगांत के जीवनसत्त्व बरंच असतं (हिरवीत सुमारे ४३ मायक्रोग्रॅम). खाणं एकदम वाढवू नये, डॉक्टरांना विचारून रोजचं प्रमाण सारखं ठेवावं. माझ्या दिरांमुळे हे आम्हाला कळलं.

पुन्हा घ्याल का, असं कुणी विचारलं तर पिवळी नाही. जांभळी विकत घेणार नाही, पण लावणार. फरसबीचं परागीभवन फुलातल्या फुलातच होतं, त्यामुळे वाण संकरित नसेल तर घरच्या बियाण्यातूनही तेच झाड येतं. फेब्रुवारीत सहा शेंगा झाडावरच वाळू दिल्या होत्या. त्यांतून ३४ बिया निघाल्या, राखेत घोळवून काचेच्या बरणीत भरल्या आहेत. नोव्हेंबरात अर्धा वाफा त्यांचा, बाकी सगळं कुंपण वालीचं.