शहापुरातला निबंधाचा वर्ग: फी वसूल, पण गर्दी फार

माझा धंदा छपाईचा. 'आमचे येथे श्री कृपेकरून' दिवसभर जुळवत बसणाऱ्याला एका साच्यातल्या वाक्यांचं नवल नाही. पण नववीतली मुलगीही तशीच लिहायला लागली तेव्हा तिला बेळगावच्या शहापुरातल्या एका निवृत्त मास्तरांच्या वर्गाला घातलं. नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. फी महिना सहाशे, शनिवार-रविवार सकाळी.

पहिल्या दिवशी सरांनी तिची जुनी वही मागितली. राजहंसगडाची सहल होती: 'आम्ही गडावर गेलो. आम्ही तिथे देऊळ पाहिले. आम्ही डबा खाल्ला. आम्ही खूप मजा केली.' सरांनी चारही 'आम्ही'भोवती गोल केले आणि विचारलं, "गडावर तुमच्याशिवाय काहीच नव्हतं काय?" मार्क नाही, शेरा नाही. पुढच्या आठवड्यात तिने लिहून नेलं: 'येळ्ळूर सोडलं की चढ लागतो. धुकं इतकं, की पुढच्या मुलीची पाठ तेवढी दिसत होती. वर डबा उघडला. भाकरी गार झालेली, ठेचा मात्र तसाच तिखट.' 'मजा केली' कुठेच नाही, आणि मजा कळते.

शाळेत केवल, संयुक्त, मिश्र वाक्यांच्या व्याख्या पाठ करून घेतात. इथे त्या वापरायला लावतात. 'पाऊस येताच माणसं पळाली', 'पाऊस आला आणि माणसं पळाली', 'जेव्हा पाऊस आला, तेव्हा माणसं पळाली' असं तिन्ही लिहायचं, मोठ्यानं वाचायचं आणि एक निवडायचं. का निवडलं तेही सांगायचं. 'जेव्हा-तेव्हा' इथे उगाच लांबण लावतं, हे पोरांनीच शोधलं. एका पोराने 'पळाली की सगळी, पाऊस आला तसा!' असं क्रियापद पुढे आणून म्हटलं. सर म्हणाले, गोष्ट सांगताना हे चालतं, अर्जात नको. एवढं साधं कुणी मला शाळेत सांगितलं नव्हतं.

सवयी दोनच लावतात, पण हट्टानं. वहीचं डावं पान कोरं ठेवायचं, दुरुस्ती तिथे. आणि रात्री लिहून वही मिटून ठेवायची, सकाळी ते मोठ्यानं वाचायचं. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडायचं. आमच्या घरी आता सकाळी चहाच्या वेळी "पप्पा, हे वाक्य दमतंय बघा की" असं ऐकू येतं. आजीच्या तोंडचं 'कवा आलीस गे?' सरांनी निबंधात तसंच ठेवलं, हे मला विशेष आवडलं. बाकी निवेदन मात्र प्रमाण मराठीतच हवं, याबाबत ते कडक आहेत.

आता तक्रारी. खोली लहान आणि पोरं भरपूर. मागच्या बाकावरच्याची वही तपासून यायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर त्या पोराला आपण काय लिहिलं होतं तेही आठवत नाही. दुसरं, 'आणि'वर सरांचा इतका राग, की मुलगी मधे त्या शब्दाला घाबरूनच लिहू लागली. सगळी वाक्यं तुकड्या-तुकड्यांची, टपाल खात्याच्या जुन्या तारेसारखी. मी जाऊन बोललो. सरांनी ऐकून घेतलं आणि तिला मुद्दाम एक पानभर लांब वाक्यांचा परिच्छेद लिहायला दिला. पावती मात्र मागूनही मिळत नाही.

एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेत, प्रथम भाषा 125 गुणांची, बाकीचे विषय 100 चे. त्यामुळे दहावीचे पालक इथे येऊन 'तयार निबंध देता काय?' म्हणून विचारतात. देत नाहीत. ज्यांना परीक्षेच्या तोंडावर दहा निबंध पाठ करून हवेत, त्यांनी इथे पैसे घालवू नयेत. सातवी ते नववीच्या पोरांना मात्र जरूर घाला. कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातली, घरी मराठी बोलणारी पोरंही घेतात. त्यांना शुद्धलेखनासाठी अर्धा तास आधी बोलावतात, त्याची वेगळी फी नाही.

खानापूर बाजूहून येणाऱ्यांनी वेळेचं आधी बोलून घ्यावं, सकाळची वेळ लवकरची आहे. नवीन बॅच जूनमध्ये सुरू होते. जाताना पोराची मागच्या वर्षीची वही न्या, नवी कोरी नको. जुनी बघितल्याशिवाय सर प्रवेश देत नाहीत.