हौदात पाणी पडलं की फोन वाजतो: लातूरच्या घरी सिग्नलवरच्या सूचनांचे अकरा महिने

आमच्या लातूरच्या घरी नळाला पाणी कधी सुटेल याचा नेम नाही. पहाटे तीनला सुटेल, नाहीतर भर दुपारी सगळे जेवायला बसल्यावर. अंगणातल्या हौदात पाणी पडायला लागलं की मोटर लावायची, वरची टाकी भरली की बंद करायची. आई आणि अण्णांनी हे काम आयुष्यभर कानावर भरवसा ठेवून केलं. आता दोघांचीही सत्तरी उलटली आहे. अण्णांना कमी ऐकू येतं, आणि आईला रात्री जिना चढू देणं बरं वाटत नाही. मी छत्रपती संभाजीनगरला असते, भाऊ नांदेडला. म्हणून गेल्या आषाढात घरात होम असिस्टंट, म्हणजे सेन्सर आणि मोटर सांभाळणारं घरच्याघरी चालणारं सॉफ्टवेअर, बसवलं आणि घराचे निरोप सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपवर यायची सोय केली. या सोयीला आता अकरा महिने झाले.

आधी सिग्नलच का ते सांगते. टेलिग्रामचा बॉट, म्हणजे आपोआप निरोप पाठवणारं खातं, दहा मिनिटांत उभा राहतो, पहिला महिना मी तोच वापरला. पण टेलिग्रामच्या बॉटशी होणारं बोलणं एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असं कुलूपबंद, नसतं. तिथलं सीक्रेट चॅट बॉटसोबत चालतच नाही. म्हणजे निरोप त्यांच्या सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात जातो. टाकी किती भरली हे कोणी वाचलं तर फारसं बिघडत नाही. पण त्याच महिन्यात आई-अण्णा तुळजापूरला दर्शनाला गेले आणि माझ्या फोनवर निरोप आला, 'पुढचं दार बंद. घरात कोणी नाही.' तो वाचून मला कसंतरी झालं. लग्नसराईत कुलूप लावून गेलेली घरं फुटल्याचं आमच्या गल्लीने पाहिलेलं आहे. आणि इथे आमचं घर स्वतःच लिहून देत होतं की आत कोणी नाही. असा निरोप घरच्या चार माणसांपलीकडे कोणालाही वाचता येता कामा नये, एवढंच मला हवं होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचा विचार केला. २०१६ पासून तिथलं संभाषण सिग्नलच्याच प्रोटोकॉलने एन्क्रिप्ट होतं. पण यंत्राकडून निरोप पाठवायचा तर व्यावसायिक सेवा घ्यावी लागते, नाहीतर आडवाटेची साधनं वापरायची आणि नंबर बंद पडण्याचा धोका पत्करायचा. फुकट निरोप पोचवून देणाऱ्या तिऱ्हाईत सेवाही आहेत. पण त्यांच्याकडे मजकूर उघडाच द्यावा लागतो, मग पुढच्या कुलपाला काय अर्थ राहिला?

होम असिस्टंटमध्ये सिग्नल मेसेंजरचं इंटिग्रेशन, म्हणजे जोडणी, आहे. त्याच्या मागे सिग्नल-सीएलआय हा मुक्त प्रोग्राम आणि त्यावरची आरईएसटी एपीआय, म्हणजे होम असिस्टंटला त्या प्रोग्रामशी बोलता येण्याची खिडकी, चालते. होम असिस्टंट ज्यावर चालतं त्या माझ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर ती अ‍ॅड-ऑन म्हणून, म्हणजे जोड-प्रोग्राम म्हणून, बसली. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोटिफायच्या चार-पाच ओळी लिहिल्या, रीस्टार्ट केलं, झालं. अडचण होती ती नंबरची, आणि ज्यांना हे करायचं आहे त्यांनी हा भाग नीट वाचावा.

पहिल्यांदा मी सोपी वाट धरली. क्यूआर कोड स्कॅन करून अ‍ॅड-ऑन माझ्याच सिग्नल खात्याला जोडलं, कॉम्प्युटरवरचं सिग्नल जोडतात तसंच. निरोप गेला, पण फोन वाजला नाही. दोन दिवस मी सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिल्या. मग लक्षात आलं की निरोप माझ्याच नंबरवरून माझ्याच नंबरला जातो आहे, त्यामुळे तो 'नोट टू सेल्फ'मध्ये गुपचूप जाऊन पडतो. आपणच आपल्याला लिहिलेल्या चिठ्ठीवर फोन कशाला वाजेल? घराला स्वतःचा नंबर हवा.

नवं सिम घ्यायचं तर ते रिचार्ज करत राहायचं. तीन महिने वापर नसेल तर बंद पडायची भीती, आणि मग तोच नंबर उद्या दुसऱ्या कोणाला मिळणार. मग घरातली लँडलाइन आठवली. सिग्नलला लँडलाइन चालते, फक्त कोड एसएमएसऐवजी फोनवर ऐकावा लागतो. लातूरचा एसटीडी कोड ०२३८२. त्यातलं पुढचं शून्य गाळून +९१ लावायचं. आधी कॅप्चा, म्हणजे आपण माणूसच आहोत हे पटवणारं कोडं, सोडवावा लागतो. तो त्याच घरच्या इंटरनेटवरून सोडवला आणि मिळालेली लांबलचक लिंक लगेच चिकटवली. उशीर झाला की ती शिळी होते. मग एसएमएसची मागणी केली. लँडलाइनवर तो येणार नाहीच, पण ही पायरी टाळता येत नाही. एक मिनिट थांबून आवाजी कॉल मागितला. हॉलमधला फोन वाजला. अण्णांनी उचलला, रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला आणि पेन्सिलने कालनिर्णयच्या समासात एकेक आकडा लिहून घेतला. सहा आकडे. चौथा नऊ की पाच यावर आमचं अडलं, मग पुन्हा कॉल मागवला. तो आकडा नऊच होता. ते पान आईने अजून फाडलेलं नाही.

नोंदणी झाल्यावर लगेच पिन लावला आणि तो आईच्या वहीत लिहून ठेवला. खात्याचं नाव ठेवलं 'लातूरचं घर'. प्रत्येकाच्या फोनमध्ये तो नंबर आधीच सेव्ह केला. अनोळखी नंबरचा निरोप 'विनंती' म्हणून येतो आणि ती स्वीकारेपर्यंत फोन नीट वाजत नाही. सुरक्षा क्रमांक (सेफ्टी नंबर), म्हणजे समोरचं खातं खरंच त्याचंच आहे हे पटवणारे आकडे, मी घरी असतानाच सगळ्यांच्या फोनशी ताडून पाहिले.

एपीआय ८०८० पोर्टवर ऐकते आणि तिला स्वतःचा पासवर्ड नसतो. घरच्या वाय-फायवर असलेला कोणीही आपल्या घराच्या नावाने निरोप धाडू शकतो. शेजारच्या मुलांना परीक्षेच्या काळात आम्ही वाय-फाय दिलं होतं, ते आता वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर आहे. आणि हे पोर्ट राउटरमधून बाहेर अजिबात उघडू नये. मी बाहेरून वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे कुलूपबंद खाजगी वाटेने, जोडते.

सुरुवातीला निरोप इंग्रजीत होते, 'वॉटर लेव्हल ९२ पर्सेंट'. आईने ते बघितलेच नाहीत. 'वरची टाकी भरत आली' असं लिहिल्यावर बघायला लागली. ग्रुपही दोन केले. एक रोजच्या निरोपांचा, त्याला आवाज नाही. दुसरा तातडीचा, तो डू नॉट डिस्टर्बमध्येही वाजतो: हौदात पाणी, गॅसचा वास, रात्री दार उघडणं, एवढंच त्यात. एकाच ग्रुपमध्ये सगळं येत होतं तेव्हा पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्यांनी आवाज बंद करून टाकला होता. दोन्ही ग्रुपवर आठवडाभराचा टायमर आहे, जुने निरोप आपोआप पुसले जातात. घर कधी रिकामं होतं याचा वर्षभराचा हिशेब कोणाच्याही फोनमध्ये साठून राहू नये.

एक चूक बरीच उशिरा कळली. वाटेत सगळं कुलूपबंद असूनही निरोप माझ्या फोनच्या लॉक स्क्रीनवर उघडा दिसत होता. ऑफिसात फोन टेबलावर पालथा न ठेवता सरळ ठेवला होता आणि शेजारच्या बाईंनी सहज विचारलं, 'आईबाबा बाहेरगावी गेलेत का?' त्या मायेनेच विचारत होत्या. त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या सिग्नलमध्ये नोटिफिकेशनवर नाव आणि मजकूर न दाखवण्याची सेटिंग केली. आईच्या फोनवर बॅटरी वाचवण्याच्या सोयीतूनही सिग्नलला वगळावं लागलं, नाहीतर तिचे निरोप अर्धा-अर्धा तास उशिरा यायचे.

दिवाळीत रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड गेलं. नवं कार्ड घातलं, पिन वापरून तोच नंबर पुन्हा नोंदवला आणि ग्रुप नव्याने केला. दहा मिनिटांत आईचा फोन. 'अगं, घराचा सेफ्टी नंबर बदलला म्हणूलालंय. हे आपलंच हाय का दुसऱ्या कुणाचं?' मला फार बरं वाटलं. जे विचारायला हवं तेच तिने विचारलं होतं, आणि तेही निरोपावर नाही, फोन करून. आता बॅकअप रोज दुसऱ्या ड्राइव्हवर जातो. त्या बॅकअपमध्ये सिग्नलच्या किल्ल्याही असतात, म्हणून तो एन्क्रिप्टेडच हवा. जानेवारी २०२५ पासून होम असिस्टंट स्वतःच तसा करतं. त्याची किल्ली छापून आईच्या वहीत ठेवली आहे.

पण खरा घाव माघात बसला.

सिग्नलचे सर्व्हर बदलत राहतात आणि सिग्नल-सीएलआयची तीन महिन्यांहून जुनी आवृत्ती नीट चालेलच असं नाही. बनवणाऱ्यांनी हे स्पष्ट लिहिलेलं आहे, मी ते वाचलेलंही होतं. अपडेट करायचं राहून गेलं. एके रात्री निरोप जाणं थांबलं. कोणाला काही कळलं नाही, कारण न आलेला निरोप दिसत नाही. त्यात माझी दुसरी चूक. टाकी भरल्यावर काय करायचं हे लिहिताना मी आधी 'निरोप पाठव' आणि मग 'मोटर बंद कर' असा क्रम लावला होता. होम असिस्टंटमध्ये एका पायरीवर एरर आली की पुढच्या पायऱ्या तिथेच थांबतात. निरोप गेला नाही, म्हणून मोटरही बंद झाली नाही. अण्णा आता मोटर आपोआप बंद होते या भरवशावर झोपले होते. सव्वा तास टाकी ओसंडून वाहत राहिली आणि पाणी अंगणातून रस्त्यावर गेलं.

लातूरात सांडलेलं पाणी काय असतं हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आलं होतं; पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लागलं होतं. अण्णा तेव्हा दोन्ही हातांत घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेले आहेत. त्या रात्री ते मला काहीच बोलले नाहीत. सकाळी फोनवर फक्त म्हणाले, 'हौद रिकामा झाला बघ.'

त्या आठवड्यात मी रजा टाकून लातूरला गेले आणि सगळं पुन्हा लिहून काढलं. मोटर बंद करणं पहिलं, निरोप त्यानंतर. निरोपाच्या पायरीला एरर आली तरी पुढे चालू राहण्याची सोय लावली. अपडेटसाठी दर महिन्याची पहिली तारीख ठरवली. आणि रोज सकाळी आठला घराने एक निरोप धाडायचा: 'सगळं ठीक. हौद अर्धा, टाकी ७० टक्के, वीज आहे.' आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत तो आला नाही तर काहीतरी बिघडलं आहे असं समजायचं आणि फोन करायचा. हे तिघांनी वाटून घेतलं आहे. माघापासून दोनदा तो आला नाही. दोन्ही वेळा इंटरनेट गेलं होतं.

दुसरी वाटही ठेवली आहे. सिग्नलवर पाठवताना एरर आली की होम असिस्टंटच्या स्वतःच्या अ‍ॅपवर सूचना येते. पण ती गुगलच्या किंवा अ‍ॅपलच्या पुश सेवेतून जाते, म्हणून तिच्यात 'घरी फोन कर' एवढेच शब्द असतात. सिग्नलही फोन जागा करायला तीच सेवा वापरतं, मात्र रिकामी हाक पाठवतं; मजकूर नंतर स्वतः आणतं. हे कळल्यावरच मला हे सुचलं.

निरोपाला उत्तर लिहून मोटर सुरू करायची सोय करता येते. मी करून पाहिली आणि काढून टाकली. हरवलेल्या फोनवरून कोणी मोटर लावली आणि ती कोरडी चालली तर ती जळणार. लावायचं काम माणसाच्याच हातात राहू दे.

वैशाखात रास्पबेरी पाय एकदा ८० अंशांवर गेला आणि मंदावला. तो पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला होता, आता देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे. हौदावरच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून तो झाकणापासून वर उचलून बसवला आणि त्यावर साठणारा दमट थर आई दर रविवारी फडक्याने पुसते. पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत, वीज गेली तरी निरोप येतात.

गेल्या आठवड्यात, आधीच्या पाण्यानंतर नवव्या दिवशी, पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी तातडीचा ग्रुप वाजला. 'हौदात पाणी पडायला लागलं.' मी इकडे उठून बसले. पाच मिनिटांनी दुसरा निरोप आला, 'मोटर सुरू.' अण्णा उठले होते. तीन पन्नासला, 'टाकी भरली. मोटर बंद झाली.' आणि त्याच्या खाली आईने बोलून टाकलेला निरोप होता, मागे हौदात पडणाऱ्या धारेचा आवाज: 'धार अजून जोरात हाय. आम्ही बादल्या भरून घेऊलालाव. तू झोप.'