पदवी आहे, अनुभव नाही: वडोदऱ्यातून फायनान्समध्ये शिरायचं तर कोणत्या दाराने?

निकाल लागले की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत एकच विषय निघतो. मुलगी बी.कॉम. झाली, मुलगा बी.एस्सी. होऊन आता फायनान्समध्ये जायचं म्हणतो, आणि जाहिरात उघडावी तर 'किमान एक ते दोन वर्षांचा अनुभव' लिहिलेलं. घरच्या मोठ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: बँकेची परीक्षा दे. सयाजीराव महाराजांनी 1908 साली ज्या गावात बँक ऑफ बडोदा काढली, तिथे असं वाटणं साहजिकच आहे. तरी मला वाटतं, निवड करताना पहिल्या पगाराच्या आकड्यापेक्षा एक गोष्ट जास्त पाहावी. दोन वर्षांनी, ठरवलेलं साधलं नाही तरीसुद्धा, तुमच्या हाताला कोणतं काम येत असेल? मी पुढची सगळी तुलना याच प्रश्नावर केली आहे.

बँकेची परीक्षा आणि सीए

बँकेच्या परीक्षेची मोठी बाजू म्हणजे तिथे अनुभव कुणी विचारत नाही. कोणत्याही शाखेची पदवी चालते. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर, म्हणजे अधिकारीपदाच्या) परीक्षेला खुल्या गटात वयाची अट 20 ते 30 आहे, क्लार्कला 20 ते 28. 2024 च्या वेतन करारानंतर पीओचा मूळ पगार 48,480 रुपयांपासून सुरू होतो आणि क्लार्कचा 24,050 पासून; महागाई भत्ता वगैरे वेगळे. पीओची बदली देशात कुठेही होते, क्लार्क साधारण आपल्या राज्यातच राहतो. क्लार्कच्या भरतीत राज्याच्या भाषेची चाचणी असते, आणि आपल्याकडच्या मुलांनी ती हलक्यात घेऊ नये. वडोदऱ्यातली मराठी मुलं गुजराती फाडफाड बोलतात, पण इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना चार ओळी गुजरातीत लिहायला सांगितल्या की हात अडतो. वाचन आणि लेखनाची थोडी सवय आधीपासून ठेवलेली बरी.

आता माझ्या प्रश्नाकडे. दोन वर्षं क्लास लावून, रिझनिंगची कोडी सोडवून निवड झाली नाही, तर बायोडेटात काय लिहिणार? काहीच नाही. ही या वाटेची खरी किंमत आहे आणि ती घरात कुणी बोलून दाखवत नाही. म्हणून परीक्षा द्याच, पण किती वेळा द्यायची ते आधी ठरवा, आणि शक्य असेल तर अर्ध्या दिवसाचं काम हातात ठेवून द्या.

सीएची वाट लांब वाटते, पण गुण पुरेसे असतील तर पदवीधरांना फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही. कॉमर्सला 55 टक्के किंवा इतर शाखेत 60 टक्के असतील तर थेट इंटरमीडिएटला, म्हणजे मधल्या टप्प्याच्या परीक्षेला, नाव नोंदवता येतं. सहा पेपर, दोन ग्रुप. प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपच्या एकूण गुणांत 50 टक्के लागतात. दोन्ही ग्रुप सुटले की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होते. 2023 पासूनच्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. अडचण पैशांची आहे. सीएच्या संस्थेने ठरवून दिलेला उमेदवारीतला किमान स्टायपेंड काही हजारांतच असतो, त्यावर घर चालत नाही. घरात दुसरं कुणी कमावतं असेल तरच ही वाट सुसह्य होते.

पण फायनल राहिली तरी ही दोन वर्षं वाया जात नाहीत. 'सीए इंटर, आर्टिकलशिप पूर्ण' एवढी एक ओळ बायोडेटात असली की कंपन्यांची अकाउंट्स खाती मुलाखतीला बोलावतात. त्या मुलाने ऑडिट केलेलं असतं, रिटर्न भरलेली असतात, क्लायंटच्या फॅक्टरीत जाऊन स्टॉक मोजलेला असतो.

ज्याची कुणी जाहिरात करत नाही

चौकशीला येणाऱ्यांना मी सर्वांत आधी सुचवतो ते काम दिसायला साधं आहे: मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट, किंवा सयाजीगंज-अलकापुरीतल्या सीएच्या ऑफिसात पगारी असिस्टंट. सुरुवातीचा पगार कमी असतो. लग्नाच्या पंगतीत सांगायला भारदस्त वाटेल असं हुद्द्याचं नावही नसतं. काम मात्र खरं असतं.

महिन्याचं चक्रच बघा. 7 तारखेच्या आत टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला आयकर, सरकारकडे भरायचा. 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर चढवायची. 14 ला पोर्टलवर 2बी नावाचा तक्ता येतो, त्यात पुरवठादारांनी आपल्या नावावर काय दाखवलंय ते दिसतं. मग टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली खरेदी आणि 2बी शेजारी शेजारी ठेवून एकेक बिल ताडून पाहायचं. एखाद्या पुरवठादाराने बिल चढवलेलंच नसतं, एखाद्याने जीएसटी नंबरातला एक आकडा चुकवलेला असतो, आणि तेवढ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं. फोन करायचा, गोडीने पाठपुरावा करायचा, कारण 20 तारखेला 3बी, म्हणजे जीएसटी भरण्याचं महिन्याचं रिटर्न, भरायचंय आणि अडकलेलं क्रेडिट म्हणजे मालकाच्या खिशातून जाणारी रोख रक्कम. त्यात बँकेचं स्टेटमेंट जुळवायचं: दिलेला चेक अजून वटलेला नाही, बँकेने कापलेले चार्जेस वहीत नाहीत, एखादी रक्कम जमा झाली पण ती कुणाची ते कळत नाही.

वर्षभर हे केलेल्या मुलाला मुलाखतीत 'वर्किंग कॅपिटल (रोजच्या व्यवहाराला लागणारं भांडवल) म्हणजे काय' विचारलं तर तो पुस्तकातली व्याख्या सांगत बसत नाही. 45 दिवसांची उधारी 90 दिवसांवर गेली की महिनाअखेरीस पगाराच्या वेळी काय होतं, ते त्याने पाहिलेलं असतं. बँकेच्या क्रेडिट खात्यालाही, म्हणजे कर्ज द्यायचं की नाही ते तपासणाऱ्या विभागालाही, अशीच माणसं हवी असतात, कारण कर्ज मागायला येणारा उद्योजक त्यांनी आतून बघितलेला असतो. एवढी शिकवण इतक्या कमी खर्चात दुसरीकडे कुठे मिळते, मला तरी माहीत नाही.

खासगी बँक आणि ब्रोकर

नोकरी सर्वांत लवकर मिळते ती इथे. सेल्स ऑफिसर, रिलेशनशिप ऑफिसर अशी नावं, आणि काम म्हणजे खाती उघडणं, विमा, म्युच्युअल फंड, कर्ज विकणं. बोलायची आवड असलेली, नकार पचवणारी मुलं इथे झपाट्याने वर जातात आणि त्यांचा मला आदर आहे. ज्याला आकड्यांत रमायचंय, त्याने मात्र 'आधी आत शिरू, मग क्रेडिटमध्ये जाऊ' या भरवशावर जाऊ नये. टार्गेटच्या मागे धावताना तो बदल मनासारखा होईलच असं नाही. जाण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: पक्का पगार किती, इन्सेन्टिव्ह कशावर, आणि फिल्डवर किती फिरायचं. नोकरीची हमी देऊन आधी मोठी फी भरायला लावणारा कोर्स असेल, तर त्याची फी आणि पहिल्या वर्षाचा हातात येणारा पगार एका कागदावर मांडून पाहा.

या वाटेने जायचंच असेल तर एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा, सिरीज व्ही-ए, आधी देऊन टाका. 100 गुण, दोन तास, 50 टक्क्यांना पास, प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. घरी बसून अभ्यास होतो.

गांधीनगरच्या गिफ्ट सिटीबद्दल, म्हणजे तिथल्या वित्तीय कंपन्यांच्या वसाहतीबद्दल, हल्ली सगळेच विचारतात. 2024 पासून अहमदाबादची मेट्रो तिथवर जाते, तरी वडोदऱ्याहून रोजची ये-जा शरीर थकवते. तिकडे खोली घ्यायची तयारी हवी. फंड अकाउंटिंगसारख्या (गुंतवणूक फंडांचे हिशेब ठेवण्याच्या) कामांत नवख्यांना वाव असतो, एक्सेल हाताखालचं असलं पाहिजे. एमबीए एखाद-दोन वर्षं काम केल्यावर जास्त फळतं. सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षा देता येतात, पण 4,000 तासांच्या अनुभवाशिवाय चार्टर, म्हणजे ती पदवी, मिळत नाही, आणि फी डॉलरमध्ये असते. अनुभव नसलेल्याने पहिलं पाऊल म्हणून त्यात पैसे घालू नयेत.

घरी पैशाची लगेच गरज असेल तर अकाउंट्स असिस्टंट आणि जोडीला क्लार्कची परीक्षा. तीन वर्षं थांबायची सोय असेल, गुण बसत असतील, तर सीए. काहीच ठरत नसेल तरीही अकाउंट्स, कारण तिथून बाकीची सगळी दारं उघडी राहतात.

सीएच्या ऑफिसात विचारायला जूनच्या मध्यावर जा. जुलैत रिटर्नची आणि सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची (आयकरासाठीच्या हिशेब तपासणीची) गर्दी असते, त्याच्या जरा आधी सगळीकडे माणसं कमी पडतात. 11 आणि 20 च्या आसपासचे दिवस टाळा, त्या दिवशी साहेबांना मान वर करायला फुरसत नसते. टॅलीत स्वतः केलेल्या एखाद्या ओळखीच्या दुकानाच्या महिनाभराच्या नोंदी, दुकानदाराला विचारून आणि नावं झाकून, छापून बरोबर न्या. गुणपत्रिकेआधी ती पानं पुढे ठेवा.