क्रिटातला बोरू

चित्र काढायचं सॉफ्टवेअर म्हणून क्रिटाबद्दल बरंच लिहिलं जातं. मला त्यात एकच गोष्ट बघायची होती, देवनागरीचा बोरू, म्हणजे कळकाची तासलेली लेखणी, मिळतो का. मिरजेत मी अक्षरलेखनाचं काम करतो: लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची शीर्षकं, मानपत्रं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पेंटर होते. फ्लेक्स आला आणि पाट्या रंगवायचं काम बसलं, पण अक्षर हातात राहिलं. आता गिऱ्हाईक कागद मागत नाही, फाईल मागतं. कागदावर लिहायचं, स्कॅन करायचं, एकेक डाग पुसत बसायचं, यातच संध्याकाळ जायची. म्हणून पेन टॅबलेट, म्हणजे संगणकाला जोडून पेनाने लिहायची पाटी, घेतला आणि क्रिटा उतरवून घेतलं.

पैसे लागत नाहीत, हे आधी सांगतो. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, केडीई या प्रकल्पातून आलेलं. काही ऑनलाइन स्टोअरवर ते विकत मिळतं आणि तो पैसा पुढच्या कामाला जातो, पण त्यांच्या संकेतस्थळावरून कुणीही फुकट घेऊ शकतं. स्वीडिशमध्ये क्रिटा म्हणजे खडू. उघडल्याबरोबर शंभराहून जास्त तयार ब्रश समोर येतात: पेन्सिली, शाईची पेनं, कोळसा, राठ केसांचे कुंचले, ओल्या रंगाचे ब्रश. उजवं बटण दाबलं की आवडीचे ब्रश आणि रंगचक्र कॅनव्हासवर गोल उमलतं. दुसऱ्याच दिवशी हात आपोआप तिकडे जायला लागला.

पण तयार ब्रशातल्या तिरक्या पेनाने 'श्री' काढला आणि अक्षर परकं दिसलं. कारण लगेच कळलं. रोमन लिपीच्या पेनाची जाड रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरते. आपल्या बोरूची जाड रेघ बरोबर उलटी, वरून उजवीकडून खाली डावीकडे. म्हणूनच बोरूची जीभ तासताना उतार दुसऱ्या बाजूला देतात. तयार ब्रशाचा कल इंग्रजी वळणाचा होता, त्याने देवनागरी लिहिली की जाड जागी बारीक आणि बारीक जागी जाड येतं.

क्रिटाचं खरं मोठेपण इथे आहे, ब्रश आतून उघडता येतो. ब्रशाचं टोक गोल ठेवायचं की चौकोनी, हे निवडता येतं. मी चौकोनी घेतलं, रेशो, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण, उतरवत पट्टीसारखं चपटं केलं आणि अँगल फिरवून कल उलटा केला. दाबाप्रमाणे जाडी बदलायची सोय मुद्दाम बंद केली, कारण कळकाचा बोरू दाबला म्हणून रुंद होत नाही. स्पेसिंग मात्र अगदी कमी ठेवा. ब्रश म्हणजे ओळीने उमटणारे ठसेच असतात, त्यांच्यातलं अंतर वाढलं की वळणावर रेघेच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात.

मग पुन्हा 'श्री' काढला आणि अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, अक्षराचं पोट वगैरे न बघता सरळ कान्याच्या खालच्या टोकाशी बोट नेलं. "हे मोठं कर." मी झूम केलं. टोक तिरकं कापलेलं, दोन्ही कोपरे धारदार. "कोपरा आला," म्हणाले आणि पेन माझ्या हातातून घेतलं. पुढचा अर्धा तास ते 'अ' गिरवत होते.

आता शाई. दौतीत बुडवलेला बोरू पहिल्या रेघेला गच्च काळा असतो, पुढे फिका होत जातो आणि शेवटी कागदाचे दाणे रेघेतून डोकावतात. बोरूने लिहिलेल्या ओळीचा श्वास त्यात आहे. क्रिटात ब्रशाची पारदर्शकता नुसत्या दाबावर नाही, पेन किती अंतर चाललं यावरही बांधता येते आणि उताराचा आलेख आपण हाताने ओढून ठरवायचा. ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, कागदावर मी शाई सुकायची लांबी ४००० पिक्सेल ठेवली, म्हणजे साधारण १३ इंच रेघ. टेक्स्चरमध्ये खरबरीत कागदाचा नमुना लावला. पहिली लांब रेघ ओढली तेव्हा शेवटाला शाई खरंच सुकत गेली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो.

अक्षर लिहायला घेतलं आणि गाडी अडली. प्रत्येक वेळी पेन उचलून टेकवलं की ते अंतर शून्यापासून मोजलं जातं. दर रेघेला बोरू नव्याने शाईत बुडवल्यासारखा! देवनागरीत एका अक्षराला दोनतीनदा हात उचलावा लागतो, त्यामुळे 'क' चा काना गच्च, गाठ गच्च, शेपूटही गच्च. फिकं व्हायला वेळच मिळत नाही. दोन रात्री यात गेल्या. आलेख बदलून, लांबी कमी करून पाहिली, पण मग एकाच रेघेत शाई घाईघाईने संपते, तेही खोटं दिसतं.

तिसऱ्या रात्री मोडी लिहून बघावी असं मनात आलं. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्दच्या शब्द एका लपेटीत. तोच ब्रश, तीच ४००० ची लांबी, आणि शाई बरोबर तिथे विरली जिथे जुन्या कागदावर विरते. ओळीच्या मध्यावर रेघ राखाडी, पुढे दाणेदार, मग हात उचलून पुन्हा ठेवला की काळी. बोरू दौतीत बुडवायची जागाही तीच. देवनागरीला जो दोष नडला तो मोडीला अंगासारखा बसला.

मोडीसाठी स्टॅबिलायझर चालू करा. त्यात रेघ पेनाच्या किंचित मागून येते, दोरीने ओढल्यासारखी, आणि टॅबलेटच्या गुळगुळीत पृष्ठावर हाताला जो कंप येतो तो गाळला जातो. देवनागरीला मी तो बंदच ठेवतो, कोपरे गोल होतात.

बाकी सोयी थोडक्यात. ४ आणि ६ या आकड्यांनी कॅनव्हास फिरतो, पाटावर कागद वळवावा तसा. डब्ल्यू दाबलं की एका बाजूने बाहेर गेलेली रेघ दुसऱ्या बाजूने आत येते, त्यामुळे पत्रिकेची वेलबुट्टीची किनार सांधा न दिसता जुळते. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगांमध्ये काम होतं, छापखान्याला टिफ फाईल देता येते. पाटीएवढं मोठं अक्षर हवं असेल तर कॅलिग्राफी टूल वापरा, ते व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांच्या गणितावर बांधलेला, आकार देतं आणि कितीही वाढवलं तरी कड फाटत नाही. फक्त त्यात शाई सुकण्याचा परिणाम मिळत नाही. जलरंगवाल्यांनी एवढं लक्षात घ्यावं की ओल्या ब्रशांनी रंग मिसळतो, पण ओल्या कागदावर तो आपणहून पसरत जातो तसं इथे होत नाही. फोनच्या पडद्यासाठीही हे नाही, टॅबलेट किंवा संगणकच हवा.

सध्या माझी वाटणी अशी झाली आहे: मोडीची मानपत्रं सगळी क्रिटात. पत्रिकेवरचं देवनागरी नाव क्रिटात, पण शाई एकसारखी काळी ठेवून. आणि दिवाळी अंकाच्या शीर्षकात सुकत्या शाईची ओळ हवी असेल तर कागद, दौत आणि अण्णांनी तासलेला बोरू.