वकील मॅडमचा अनुभव, सोलापूर – ४ स्टार (एक जिन्याचा कापला)

नाव टाकत नाही, वकिलांना जाहिरात चालत नाही म्हणे, बार कौन्सिलचा नियम आहे, आणि मॅडमनी स्वतःच सांगितलं की माझं नाव कुठं लिहू नकोस बाई. ऑफिस सात रस्त्याकडं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर जायचा जिना असला अंधारा आणि उभा की माझी आई निम्म्यातच बसली. वर गेलं की तासभर वाट बघायची ही धरूनच चाला. कोर्टाच्या दिवशी फोन तर उचलतच नाहीत.

आमचं म्युच्युअल होतं, म्हणजे दोघांच्या संमतीनं घटस्फोट. अडीच वर्षं वेगळे राहत होतो, मुलगा सात वर्षांचा, दोघं पण भांडून दमलेलो. आधी एका दुसऱ्या वकिलाकडं गेले होते, त्यांनी दोन पानं टाईप करून दिली आणि सही करा, सुटून जाल म्हणाले. त्यात एक ओळ होती की मुलाच्या खर्चाबद्दल माझी आता काही मागणी नाही आणि पुढं पण राहणार नाही. मला वाटलं जाऊ दे की, सुटका महत्त्वाची. मॅडमनी त्या ओळीभोवती पेननं गोल केला आणि विचारलं, "हे पैसे तुझे आहेत का गं माफ करायला?" मुलाच्या पोटगीचा हक्क मुलाचा असतो, आईनं लिहून दिलं तरी तो संपत नाही, उद्या त्याच्या नावानं परत मागता येते. म्हणजे परत कोर्ट, परत तारखा. मग कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात द्यायच्या अटींच्या कागदात, महिन्याला ९ हजार, दर वर्षी १० टक्के वाढ, शाळेची फी वेगळी, दवाखान्याचा मोठा खर्च निम्मा निम्मा असं सगळं आलं. "योग्य ती रक्कम" असले गोल शब्द त्या लिहूच देत नाहीत.

दोघांच्या पगाराचे, बँकेचे, कर्जाचे कागद पण मागवले. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं पोटगीच्या केसेसमध्ये दोन्ही बाजूंनी कमाई आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असं ठरवून दिलंय. आमची तर पोटगीची केसच नव्हती, पण मॅडम म्हणाल्या तोच तक्ता भरून समोरासमोर ठेवा म्हणजे आकड्यावरून वाद होणार नाही, आणि खरंच नाही झाला.

आता खरी गोष्ट, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले. जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट आहे, कर्जावर दोघांच्या सह्या. ठरलं होतं की फ्लॅट नवऱ्याचा आणि हप्ते पण त्यांचे, मी म्हटलं झालं, आपला संबंध संपला. तर तसं काही नसतं! तुम्ही आपसात काय पण लिहा, कोर्टाचा हुकूम घ्या, बँक त्यात पार्टीच नाही, तिच्या लेखी दोघं पण कर्जदार. त्यांनी हप्ता चुकवला तर माझा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) पण खाली येणार आणि वसुलीचा फोन मला पण येणार. म्युच्युअलमध्ये अर्ज केल्यावर थांबायची सहा महिन्यांची मुदत कोर्टाला माफ करता येते, सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे, आणि मला तर लई घाई झाली होती, पण मॅडम अडून बसल्या की कर्ज त्यांच्या एकट्याच्या नावावर झाल्याचं बँकेचं पत्र आल्याशिवाय शेवटची सही करायची नाही. बँकेनं त्यांचा पगार परत तपासला, जामीनदार मागितला, चार महिने गेले त्यात, मी मॅडमवर चिडले पण होते. पत्र आलं मग मी फ्लॅटचं हक्कसोड केलं.

मुलाला भेटायचं पण असंच बारीक लिहिलं, दिवाळी कुणाकडं, मे महिना कसा, आणि गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा! संक्रांतीला गड्ड्यावर पाळण्यात बसवायचं यावरून आमची दर वर्षी भांडणं व्हायची, तर एक संध्याकाळ बापाबरोबर आणि एक माझ्याबरोबर असं चक्क कोर्टाच्या कागदात आहे. जज साहेब पण हसले.

निकालानंतर मॅडमनी एक चिठ्ठी दिली. पीएफ आणि एलआयसीचा नॉमिनी बदल, घटस्फोटानं तो आपोआप बदलत नाही. मुलाच्या नावच्या एफडीचं व्याज आता तो ज्याच्याकडं वाढतो त्याच्या उत्पन्नात धरतात, म्हणजे माझ्या. आणि निकालाच्या सर्टिफाईड कॉपी जास्तीच्या काढून ठेव. पीएफचं मी अजून केलं नाही, या आठवड्यात करते.

फी ३५ हजार, तीन हप्त्यात, प्रत्येक वेळी पावती. आणि पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं की बाईला कमाई कितीही असली तरी सरकारी मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर १५१०० ला फोन लाव. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहून मला १६ हजार मिळतात, त्यामुळं दोन दिवस विचार केला, पण राहिले यांच्याकडंच.

जायचं तर संध्याकाळी सहानंतर जा, झेरॉक्स खालीच काढून घ्या, आणि म्हातारं माणूस बरोबर नेऊ नका.