एसिटालोप्राम १० मिग्रॅ: गोळी बंद करून ११ महिने, आणि मधले दोन दिवस

गेल्या महिन्यात तीन दिवस ताप होता, १०२ पर्यंत. चौथ्या दिवशी अंघोळीला बसले, कोमट पाण्याचा तांब्या अंगावर घेतला आणि दचकले. पाणी लागत होतं. कमरेखालीसुद्धा! गोळी सुरू केल्याच्या पहिल्या आठवड्यापासून तो भाग कोपरासारखा झाला होता. हात लावलेला कळायचा, त्यापुढे काही नाही.

पॅनिक अटॅकसाठी १४ महिने घेतली. त्या कामात गोळी चोख. महिन्याभरात मी एकटी बसने ऑफिसला जायला लागले, ते श्रेय तिचंच. बंदही नीट केली, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, सहा आठवडे ५ मिग्रॅवर राहून. घाबरून एकदम सोडू नका, चक्कर आणि बेचैनी वेगळी सोसावी लागते.

माझा राग कागदावरून आहे. दुकानदार पट्टी कापून देतो, माहितीपत्रक खोक्यात राहतं आणि खोकं दुकानात. १४ महिने पैसे मोजले, कागद एकदाही हातात आला नाही. हा लैंगिक त्रास गोळी थांबवल्यावरही राहू शकतो, असं माहितीपत्रकात लिहायला युरोपच्या औषध नियामकांनी २०१९ मध्येच सांगितलं होतं. मी त्यानंतर सुरू केली. डॉक्टर दर वेळी झोप आणि भूक विचारायचे. हे कुणी विचारलं नाही आणि मलाही तोंड उघडवलं नाही. शेवटी सांगितलं, तर म्हणाले, अंगात अंश उरला असेल. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण ३० तासांत निम्मं होतं, ११ महिने कुठला अंश उरतो? मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्या, १,९०० रुपये. सगळं नॉर्मल. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, संसारात होतं असं. नाही हो, आमच्या संसारात नव्हतं असं.

तर ते दोन दिवस. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचेच डोळे भरले. इच्छा, स्पर्श, सगळं पूर्वीसारखं. तिसऱ्या सकाळी पुन्हा कोपर. त्या दिवशी मी जेवढी रडले तेवढी ११ महिन्यांत रडले नव्हते. वाटलं, आलं नसतं तर बरं.

आज तसं वाटत नाही. नस मेली असं मी धरून बसले होते, ते चुकीचं निघालं. हा त्रास असणाऱ्या इतरांनाही असे दिवस येतात, कुणाला तापानंतर, कुणाला अँटिबायोटिकच्या कोर्समध्ये, कुणाला उगीचच. ते त्याला ‘विंडो’ म्हणतात. कारण सिद्ध झालेलं नाही, खात्रीचा उपचारही नाही, म्हणून मी अँटिबायोटिक मागायला जाणार नाही. तारखा मात्र वहीत लिहिल्यात, नव्या डॉक्टरांना दाखवायला.

आणि आता कुठलंही औषध घेताना कागद मागते. काल आईच्या बीपीच्या गोळ्यांचा मिळाला. दुकानदाराने तीन खोकी उघडून शोधला.